एस. वाय. बी.एस्सी.: अभ्यास, नेतृत्व, समाजसेवा ही उद्दिष्टं शिष्यवृत्तीच्या अर्जात कशी लिहायची?

मृण्मयी_एसवाय

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एस. वाय. बी.एस्सी.ला आहे, मेजर केमिस्ट्री. एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात 'वर्षभराची उद्दिष्टे: शैक्षणिक, नेतृत्व, समाजसेवा' असा अर्ध्या पानाचा रकाना आहे. मुलाखतही त्यावरच घेतात म्हणे. मी लिहिलंय ते असं: 'सीजीपीए वाढवणे, नेतृत्वगुण विकसित करणे, समाजाचे ऋण फेडणे.' वाचून मलाच काही बोध होत नाही.

पहिल्या वर्षाचा सीजीपीए (दहापैकी सरासरी श्रेणीगुण) ७.१, बॅकलॉग नाही. एनएसएसचं दुसरं वर्ष. चौथ्या सत्रात २ क्रेडिटचं सीईपी (समाजात जाऊन करायचा प्रकल्प) आहे. पुढे जॅम (आयआयटी वगैरेंच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) द्यायची आहे आणि जमलं तर चौथं वर्ष रिसर्च ऑनर्सचं करायचंय. एसटीने एका बाजूचा प्रवास सव्वा तास, संध्याकाळची सोयीची गाडी पावणेसहाची. ती चुकली की पंचाईत. यात काय बसवू आणि काय सोडू?

श्रेयांक

आधी आकड्यांचं बघू, कारण 'सीजीपीए वाढवणे' हे उद्दिष्ट होत नाही. किती आणि कधीपर्यंत, ते लिहावं लागतं.

रिसर्च ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा ७.५ सीजीपीए लागतो. आपल्याकडे वर्षाला ४४ क्रेडिट, तीन वर्षांचे १३२. तुझे ४४ क्रेडिट ७.१ ने झाले, म्हणजे ३१२.४ गुणांक जमा. ७.५ साठी एकूण हवेत १३२ × ७.५ = ९९०. उरले ६७७.६, ते ८८ क्रेडिटमध्ये मिळवायचे. भागाकार ७.७. म्हणजे इथून पुढे चारही सत्रांत सरासरी ७.७ पडली पाहिजे. हे वर्षही ७.१ वरच गेलं, तर तिसऱ्या वर्षी ८.३ लागेल. तेव्हा विषय जड असतात आणि जॅमही डोक्यावर असते, म्हणून जोर याच वर्षी लाव.

कुठे लावायचा तेही गणितच सांगतं. २२ क्रेडिटच्या सत्रात ४ क्रेडिटच्या पेपरला बी प्लसच्या (७) जागी ए (८) आला, तर एसजीपीए (त्या एका सत्राची सरासरी) ०.१८ ने वाढतो. २ क्रेडिटच्या पेपरला तेवढीच सुधारणा केली तर ०.०९ ने. त्यामुळे मेजरचे ४ क्रेडिटचे पेपर आधी. पण २ क्रेडिटचे प्रॅक्टिकल वाऱ्यावर सोडू नकोस. जर्नल वेळेत सही झालेलं असलं आणि अंतर्गत गुण हातचे गेले नाहीत, तर तिथे ए प्लस मिळवणं थिअरीपेक्षा सोपं जातं. मुलं नेमकी तिथेच गाफील राहतात.

अर्जात वाक्य असं येऊ दे: 'तिसऱ्या व चौथ्या सत्रात किमान ७.७ एसजीपीए, भौतिक व असेंद्रिय रसायनशास्त्राच्या पेपरांत किमान ए श्रेणी.' कोणते पेपर हे तुझ्या गुणपत्रिकेवरून ठरव. जिथे बी किंवा बी प्लस आहे तिथेच वाव आहे.

ब्युरेट

वरचं गणित बरोबर. माझं म्हणणं एवढंच की तीन रकान्यांत तीन वेगळी कामं भरायची नाहीत. सव्वा तासाची एसटी धरून तुझ्याकडे तीन कामांचा वेळ नाहीच. एकच काम निवड, त्यातून तिन्ही रकाने भरतील.

तू केमिस्ट्रीची, एनएसएसचं दत्तक गाव आहे, वर सीईपी आहे. मग दत्तक गावातल्या पिण्याच्या पाण्याची तपासणी घे. खर्च किरकोळ आहे, अभ्यासक्रमातलंच टायट्रेशन आहे आणि गावाला त्याचा उपयोग आहे.

साधारण १२ स्रोत निवड: सार्वजनिक विहिरी, हातपंप, बोअर, नळाचं पहिलं आणि शेवटचं टोक, शाळा, अंगणवाडी. दोनदा नमुने घे, नोव्हेंबरात आणि एप्रिलअखेर. एकदाच घेतलेस तर पावसाळ्यानंतरचं पाणी आणि उन्हाळ्यातलं खाली गेलेलं पाणी यातला फरक कळणारच नाही. गंमत त्या फरकातच आहे.

जडपणा (दुष्फेनता). ०.०१ मोलर ईडीटीए कर: डायसोडियम मीठ ३.७२ ग्रॅम, १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात. प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेव आणि कॅल्शियमच्या प्रमाणित द्रावणाशी ताडून घे. आपल्याकडचं काळ्या पाषाणातलं पाणी जड असतं, म्हणून ५० मिलि नमुना घेतलास तर ब्युरेट रिकामी होत बसेल. २५ मिलि घे, डिस्टिल्ड पाण्याने ५० कर, पीएच १० चं अमोनिया बफर १ ते २ मिलि, एरिओक्रोम ब्लॅक टी चिमूटभर. लालसर जांभळा रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांब. वाचन × ४० = मिलिग्रॅम प्रतिलिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. तीन वाचनं ०.१ मिलिच्या आत जुळली पाहिजेत. १२ नमुन्यांची ३६ टायट्रेशन १ लिटरमध्ये आरामात होतात.

बिघडतं कुठे? बफर घालून ठेवून चहाला गेलं की कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि वाचन कमी येतं. बफर घातल्यापासून पाच मिनिटांत संपव. इंडिकेटरचं द्रावण जुनं असलं तर शेवटचा रंग ओढत ओढत येतो, मिठात खललेली कोरडी पूड टिकते (०.५ ग्रॅम इंडिकेटर, १०० ग्रॅम सोडियम क्लोराइड). बफरची बाटली सैल बंद राहिली तर अमोनिया उडून जातो, पीएच उतरतो आणि रंग धड बदलतच नाही.

नायट्रेट. तुमच्या भागात उसाची खतं आणि विहिरींशेजारचे गोठे आहेत, तेव्हा हे सोडू नकोस. यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर २२० नॅनोमीटरवर वाचन घ्यायचं आणि २७५ वरच्या वाचनाची दुप्पट त्यातून वजा करायची. क्युवेट (नमुना ठेवायची छोटी नळी) क्वार्ट्झचीच हवी, काचेची २२० ला प्रकाश अडवते आणि सगळेच नमुने 'दूषित' निघतात. दुसरी फसगत एककाची: एक अहवाल 'नायट्रेट' म्हणतो, दुसरा 'नायट्रेट-नायट्रोजन'. पहिल्यातले ४५ म्हणजे दुसऱ्यातले साधारण १०. तक्त्याच्या डोक्यावर कोणतं ते लिही.

मर्यादा पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातल्या (आयएस १०५०० : २०१२) घे, मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये. जडपणा २००, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ५०० आणि २०००. फ्लोराइड १.० आणि १.५. नायट्रेट ४५, त्याला सवलत नाही. पीएच ६.५ ते ८.५.

आणि कृपा करून पोस्टरवर 'जड पाण्याने मुतखडा होतो' असं लिहू नकोस. सगळी मुलं लिहितात. तुझ्या टायट्रेशनमधून ते सिद्ध होत नाही. नायट्रेटबद्दल मात्र ठामपणे लिहिण्यासारखं आहे: सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळाला धोका असतो, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. गावात 'उकळून प्या' हा सल्ला सरसकट दिला जातो, म्हणून हे सांगणं गरजेचं.

मृण्मयी_एसवाय

सर, खूपच उपयोगी. दोन अडचणी. आमच्याकडे यूव्ही नाही, साधा कलरीमीटर आहे. आणि एनएसएसचे तास आणि सीईपीचे तास एकाच कामातून दाखवले तर चालतात का? मैत्रिणी म्हणतात, सगळेच दाखवतात.

पीओ_निवृत्त

तासांचं मी सांगतो, बाई. एकच तास दोन वह्यांत लिहायचा नाही. काम एक असू शकतं, तास वेगळे.

एनएसएसचे नियमित कार्यक्रमाचे वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर. शिबिराचे दिवस १२० मध्ये धरायचे नसतात. सीईपी २ क्रेडिट म्हणजे ६० तास धर, पण विभागाच्या अभ्यासक्रमात छापलंय ते बघून घे. विभागणी अशी कर: नमुने, टायट्रेशन, तक्ते, अहवाल हे सीईपीत. घरोघर पाहणी, विहिरीभोवतीची सफाई, गावात माहिती देणं, ग्रामसभा हे एनएसएसमध्ये. दोन्हींची नोंद त्याच दिवशी आणि सही त्याच आठवड्यात. मार्चमध्ये एकदम १२० तासांच्या सह्या मागायला आलेल्या मुलांची डायरी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेली असते. ती ओळखायला अनुभव लागत नाही.

शिकवण्याचे आठवडे वर्षाला तीसच्या आसपास, म्हणजे १२० तासांना आठवड्याला ४ पडतात. वर्षातलं पहिलं सत्र रिकामं गेलं तर दुसऱ्यात आठवड्याला ८, आणि तेव्हाच सीईपीही येतं. तुझ्या पावणेसहाच्या गाडीत ते बसणार नाही. जुलै-ऑगस्टपासून शनिवार दुपार बांधून घे.

आता नेतृत्वाचा रकाना. 'गटप्रमुख म्हणून काम करीन' असं लिहून काही साधत नाही. गटप्रमुखपद म्हणजे टोपी. टोपीखाली काय केलंस ते लिही. शिबिरात ५० स्वयंसेवक असतात. त्यांचे आठ-आठ, नऊ-नऊचे सहा गट पाडून सात दिवसांचा कामाचा फिरता तक्ता करायचा: भोजन, स्वच्छता, श्रमदान, पाहणी, बौद्धिक सत्र, सांस्कृतिक. हा तक्ता मी करीन, रोज रात्री गटप्रमुखांची पंधरा मिनिटांची बैठक घेईन आणि तिचं इतिवृत्त ठेवीन, असं लिहिलंस तर मुलाखतीत दाखवायला कागद असतो.

तक्त्यात भोजन गट सगळ्यात आधी. शिबिरं भाषणांनी कमी आणि जेवण उशिरा झाल्याने जास्त बिघडतात. ५० जणांच्या एका वेळेला तांदूळ ५ किलो, तूरडाळ २ किलो, पोळ्यांची कणीक ६ किलो, भाजी ७ ते ८ किलो. नाश्त्याला पोहे ३ ते साडेतीन किलो. श्रमदानाच्या दिवशी पोळ्यांचं पीठ किलोभर वाढव, त्या दिवशी भात उरतो आणि पोळ्या कमी पडतात. स्वयंपाकाला सकाळी साडेपाचला माणसं लागतात, म्हणून भोजन गटाला आदल्या रात्रीच्या सांस्कृतिकमधून मोकळं ठेव. हे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

मुलींच्या मुक्कामाची खोली, शौचालय आणि पाणी आधी जाऊन बघ. सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, तिथे जायला रात्री गाडी कोणाची, हे लिहून भिंतीवर लाव.

पाणवठा

पाण्याच्या तपासणीत मुलांचा घोटाळा प्रयोगशाळेत होत नाही, गावात होतो. त्याबद्दल.

जायच्या आधी जलसुरक्षकाला (ग्रामपंचायतीचा पाणी बघणारा माणूस) भेट. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) तोच टाकतो आणि स्रोतांची यादी त्याच्याकडे तयार असते. पावसाळ्याआधी आणि नंतर आरोग्य विभाग स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतो; तुमच्या गावाला कोणतं आहे ते विचार. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवलेलं असतं. किट अनेक ठिकाणी ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून असतं. त्या बायकांना बरोबर घे. तुझा कलरीमीटर नायट्रेटला जमला नाही तर त्या किटवर पहिली चाळणी होते. (फिनॉल डायसल्फोनिक आम्लाची पद्धत ४१० नॅनोमीटरवर कलरीमीटरवर होते, पण क्लोराइड मध्ये येतं, ते आधी सिल्व्हर सल्फेटने काढावं लागतं, आणि तीव्र आम्लाचं काम आहे. शिक्षक उभे असतील तरच.)

किटवर किंवा तुमच्याकडे जे नमुने मर्यादेबाहेर गेले, त्यांचा दुसरा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत ग्रामपंचायतीच्या पत्रासह पाठव. गाव पावलं उचलतं ते त्या अहवालावर, कॉलेजच्या वहीवर नाही.

नमुना घेताना हातपंप आधी चार-पाच मिनिटं हापसून पाणी जाऊ दे, नाहीतर पाइपात साठलेलं पाणी मिळतं. जिवाणूंसाठी वेगळी निर्जंतुक बाटली लागते, त्यात थायोसल्फेट असतं, ती विसळायची नाही. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचव. उरलेला क्लोरीन जागेवरच, नळापाशी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टने बघायचा; किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर. बाटलीत भरून कॉलेजला नेलंस तर तो वाटेतच उडतो आणि 'गावात टीसीएल टाकतच नाहीत' असा खोटा निष्कर्ष निघतो. मग जलसुरक्षक तुमच्याशी का बोलेल?

आता मुख्य. निकाल थेट ग्रामसभेत वाचू नकोस. अमक्याच्या वस्तीवरची विहीर खराब, असं चारचौघांत म्हटलं की पाण्याचं राहतं बाजूला आणि भावकीचं निघतं. क्रम असा ठेव: आधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपला पूर्वीचा ग्रामसेवक), मग आशाताई आणि उपकेंद्र, मग ज्यांची विहीर त्यांच्या घरी जाऊन, आणि शेवटी ग्रामसभा. तक्त्यात खासगी स्रोतांना मालकाचं नाव नको, क्रमांक दे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर नोटीस निघण्याआधी लेखी अर्ज दे, आयत्या वेळच्या विषयांत गेलं तर कोणी थांबत नाही. दहा मिनिटं, एकच मोठा तक्ता, आणि शेवटी एकच मागणी. उदाहरणार्थ, अंगणवाडीचं पिण्याचं पाणी दुसऱ्या स्रोतावरून द्यावं. पाच मागण्या केल्यास तर ठरावात एकही येत नाही.

हा सगळा क्रम म्हणजेच तुझं नेतृत्व. रकान्यात तेच लिही.

संदीप_जॅम

सगळं छान, पण मुलीने अभ्यास कधी करायचा? जॅमला ६० प्रश्न, १०० गुण, ३ तास. ३० प्रश्न एक पर्याय बरोबर असलेले, त्यांना चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापतात. १० प्रश्नांत एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर, २० मध्ये थेट आकडा. या दोन्हींना ऋण गुण नाहीत. परीक्षा तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत देशील. या वर्षी क्लास नको आणि वेगळी पुस्तकंही नकोत. कॉलेजात जो घटक संपला त्याचे मागच्या वर्षांचे प्रश्न रविवारी दोन तास सोडव. एसटीत गणितं सुटत नाहीत. तिथे अभिक्रिया आणि सूत्रं पाठ कर.

आविष्कारमध्ये (विद्यापीठांची संशोधन स्पर्धा) जायचा मोह होईल, पाण्याचं काम पोस्टरला चांगलं दिसतं. या वर्षी जाऊ नकोस असं माझं मत. पहिली फेरी बहुधा दिवाळीच्या आगेमागे असते, आणि तेव्हा तुझे नोव्हेंबरचेच नमुने हातात नसतील.

ब्युरेट

संदीपशी अर्धा सहमत. या वर्षी नको, पण पुढच्या वर्षी दोन ऋतूंची आकडेवारी हातात असताना शुद्ध विज्ञान गटात जरूर जा. तेवढ्यासाठी तरी नोंदी नीट ठेव.

मसुदा देतो, तुझ्या आकड्यांनी बदल:

'शैक्षणिक: तिसऱ्या व चौथ्या सत्रात किमान ७.७ एसजीपीए. दर रविवारी २ तास जॅमच्या मागील प्रश्नपत्रिका. समाजसेवा: दत्तक गावातील १२ जलस्रोतांची नोव्हेंबर व एप्रिलमध्ये तपासणी (जडपणा, टीडीएस, पीएच, नायट्रेट, उर्वरित क्लोरीन), मर्यादेबाहेरील नमुन्यांची शासकीय प्रयोगशाळेत फेरतपासणी. नेतृत्व: पाच स्वयंसेवकांचा गट, शिबिराचा कामाचा तक्ता व दैनिक बैठकीचे इतिवृत्त, नोव्हेंबरचे निष्कर्ष २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडणे. एनएसएसचे ६० तास तिसऱ्या सत्रअखेर पूर्ण.'

बाकी विशेषणं नकोत. 'तळमळीने', 'निःस्वार्थपणे' हे शब्द आले की खोडून टाक.

मृण्मयी_एसवाय

सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा सरांना दाखवते. पाच जणींचा गट होतोय, त्यातल्या दोघी त्याच गावच्या आहेत. त्यांनीच आपल्या वस्तीचे नमुने घेतले तर चालेल का?

पाणवठा

नमुना घ्यायला बरोबर असू देत, वाटा आणि माणसं त्यांनाच माहीत. टायट्रेशन मात्र दुसरीने करायचं, आणि बाटलीवर फक्त क्रमांक असू दे. कोणता क्रमांक कुठला हे वेगळ्या वहीत, ती वही मार्गदर्शक शिक्षकांकडे. क्रमांक झाकणावर नको, बाटलीच्या अंगावर घाल. विसळताना झाकणं हमखास अदलाबदल होतात. जेल पेन बर्फाच्या पेटीत पुसलं जातं, तेव्हा पर्मनंट मार्करने लिही आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लाव.